भोंगा वाजेपर्यंत

१

मुरलीधर धोटे चार वाजता चहा घेत असे. चाराला पाच कमी असताना पातेलं गॅसवर चढायचं आणि चाराच्या ठोक्याला कप हातात असायचा. फॅक्टरीतून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, बायको हेमलता जाऊन सहा. घड्याळ तेवढं बदललं नव्हतं. छत्तीस वर्षं त्याने गेज सेक्शनमध्ये तपासनीस म्हणून काढली. तुकडा गेजमध्ये बसला तर पास, अडकला तर रिजेक्ट. त्याच्या हातून वाकडा तुकडा कधी पुढे गेला नाही, हे तो अधारतालच्या मेन रोडवरच्या पानवाल्यालाही ऐकवून बसला होता.

जुलैत नात आली. दुर्वा. अठराची. जबलपूरच्या कॉलेजात नंबर लागला आणि होस्टेलला जागा मिळेना, म्हणून आजोबाच्या घरी. ती भोपाळात वाढलेली. मराठी तिला सगळं समजायचं, पण बोलताना दर दुसऱ्या वाक्याला हिंदी यायची. साडेतीनला कॉलेजातून यायची, टीव्हीला आपलं यंत्र जोडायची आणि खेळत बसायची. मुरलीधर चहा घेऊन मागच्या खुर्चीवर बसायचा. बघत नाही असं दाखवत बघायचा.

दुर्वा घरात आल्याचं त्याला बरं वाटत होतं. त्यामागे एक कारण होतं, ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. दुर्वाचा बाप आलोक, मुरलीधरचा एकुलता एक मुलगा, एकोणीस वर्षांत या घराच्या आत आला नव्हता. वास्तुशांतीला आला तो उंबऱ्यापाशी थांबला. मी इथेच बरा आहे, म्हणाला, आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून जेवला. तेव्हापासून दर वेळी तेच. सिविल लाइंसमध्ये बँकेच्या गेस्ट हाऊसला उतरायचा, तासभर येऊन उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, तब्येत विचारायचा, जायचा. आई गेली त्या दिवशीही उंबरा ओलांडला नाही. भांडण नाही, रुसवा नाही. विचारलं तर हसायचा.

मुरलीधरला मरायच्या आधी एकदा त्याला आत बसवून जेवू घालायचं होतं. बस, एवढंच. पण बोलून दाखवलं असतं तर ते मागणं झालं असतं, आणि मागणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पोरगी राहिली तर आज ना उद्या बापाला ओढून आत आणेल, हा त्याचा हिशेब.

आलोकचा फोन आला होता. सप्टेंबरच्या सतरा तारखेला येतो. होस्टेलला जागा झाली आहे, दुर्वाला तिकडे न्यायचं की तुमच्याकडेच ठेवायचं ते बघू.

मुरलीधरने भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती तारीख पाहिली. तिथे विश्वकर्मा पूजा लिहिलेलं होतं. तो कॅलेंडरसमोरून बाजूला झाला.

२

खेळ असा होता. एक राजकन्या तिच्या उजाड झालेल्या राज्यात फिरते. वाटेत सोबती मिळतात. प्रत्येक सोबत्याला लहानपणाची एक जखम असते. कोणाला बापाने विकलं, कोणाला आईने जंगलात सोडलं. त्यांच्याशी बोलायचं, त्यांचा विश्वास मिळवायचा. मग एक दिवस तो सोबती तुम्हाला आपल्या जुन्या घरात नेतो. ज्याने दुखावलं तो तिथे म्हातारा होऊन बसलेला असतो, रडतो. पडद्यावर दोन पर्याय येतात. माफ करायचं, नाहीतर नाही.

दुर्वाने हे सगळं एका दमात सांगितलं. माफ केलं की त्या सोबत्याची ताकद वाढते, हेही सांगितलं.

"आणि नाही केलं तर?" मुरलीधरने विचारलं.

"तब भी बढ़ती है आबा. मग तो राग वापरतो. तलवार जास्त जोरात लागते."

"म्हणजे दोन्हीकडून फायदाच."

"गेम आहे न."

"एका बटणात?"

"तुम्ही तर शून्य बटणांत पण करत नाही," ती म्हणाली आणि खेळत राहिली. मुरलीधरला हसू आलं होतं. ते त्याने चहात लपवलं.

तिच्या सोबत्यांत एक ढाल घेतलेला माणूस होता. कमी बोलणारा, सगळ्यांच्या मागे चालणारा. दुर्वा त्याला ढालवाला भैया म्हणायची. राजकन्या कुठल्याही घरात, दुकानात, सराईत शिरली की बाकीचे सोबती तिच्यामागे आत जायचे. ढालवाला दाराशी थांबायचा.

चार दिवस मुरलीधरने ते पाहिलं. पाचव्या दिवशी विचारलं, "तो काहून थांबला बाहेर?"

"तो असाच आहे. आत येतच नाही." दुर्वा हसली. "पापा जैसा."

मुरलीधरने कप खाली ठेवला. तो ढालवाला चौकटीला एक खांदा टेकवून, डावा पाय किंचित पुढे काढून उभा होता. आलोक उभा राहायचा तसा. पण जगात माणसं दाराला टेकून उभी राहतातच, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि गार झालेला चहा संपवला.

३

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ढालवाल्याचा विश्वास पुरा झाला. तो राजकन्येला आपल्या घरी घेऊन गेला.

बाकीच्यांची घरं महाल होती, झोपड्या होत्या, एक तर पाण्याखाली होतं. हे एका रांगेतलं बैठं घर निघालं. खालची हातभर भिंत गेरूच्या रंगाची, वर चुना. दोन खोल्या आणि मागे एक कोठी. कोठीचं दार लोटलेलं.

मुरलीधर खुर्चीतून उठला आणि टीव्हीजवळ गेला.

"थोडं पुढे घे," तो म्हणाला.

दुर्वाने दार ढकललं. आत अंधारं होतं. दाराच्या आतल्या बाजूला, लहान मुलाच्या डोक्याइतक्या उंचीवर एक खिळा होता. खिळ्याला पितळेची गोल चकती लटकत होती. तिच्यावर आकडे ठोकलेले. २७१४.

तो मुरलीधरचा फॅक्टरीतला टोकन नंबर होता.

"हे तुला कोणी दिलं?" त्याने विचारलं.

"क्या?"

"हा खेळ."

"डाउनलोड केला. सगळेच खेळून राहिले, आबा. काय झालं?"

काही नाही, म्हणून तो खुर्चीत परत बसला. आलोकने हिला सांगितलं. दुसरं काही असूच शकत नाही. सांगितलं, आणि आता दोघं मिळून म्हाताऱ्याची परीक्षा पाहून राहिले.

४

त्याची रीत अशी होती, आणि त्या रीतीचा त्याला अभिमान होता. त्याने आलोकवर कधी हात उचलला नाही. तेव्हा ते फॅक्टरीच्या क्वार्टरांच्या लाइनीत राहत. शेजारच्या क्वार्टरमधून पट्ट्याचे आवाज यायचे, त्याच्या घरातून कधी आला नाही. पोराने चूक केली की कोठीत बसायचं. फॅक्टरीत हजेरीला टोकन लावतात तसं एक टोकन, आपलाच नंबर ठोकून, त्याने घरासाठी केलं होतं. पितळेचा पत्रा गढ्याच्या बाजारातून विकत आणलेला, फॅक्टरीचा नव्हे. टोकन खिळ्याला लागलं की ड्यूटी सुरू. भोंगा वाजला की सुट्टी. कोठीच्या दाराला कडी होती, ती त्याने एकदाही लावली नाही. दार नुसतं लोटलेलं असायचं. कडी लावून बसवलेल्या पोराला काय वळण लागणार, असं तो म्हणायचा.

आलोक आठ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. हेमलता माहेरी नागपूरला गेली होती. सकाळी मुरलीधरने टोकन हातात घेतलं तर त्याच्या मागच्या बाजूला खिळ्याने आ कोरलेला. पोराने आपलं नाव टाकायला घेतलं होतं. नऊ वाजता त्याने त्याला कोठीत बसवलं. भोंगा वाजला की ये बाहेर, म्हणाला, आणि फॅक्टरीत गेला.

ती सतरा सप्टेंबर होती. विश्वकर्मा पूजा. मशिनी धुतलेल्या, हारफुलं घातलेली, कामगारांची बायकापोरं नवे कपडे घालून मशिनी बघायला आलेली. त्या दिवशी मशिनींना विसावा. भोंगा वाजत नाही. तेरा वर्षं नोकरी झालेल्या माणसाला हे माहीत नसावं असं नाही. पण सकाळी रागाच्या भरात ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं ते दुपारी एक वाजता, हातात प्रसादाचा द्रोण असताना. मुरलीधर तरीही घरी गेला नाही. त्याच्या सेक्शनची पूजा होती, साहेब बसलेले होते. शिवाय दार उघडंच होतं. भूक लागली की येईल पोरगा बाहेर.

संध्याकाळी साडेसहाला तो परतला. कोठीचं दार लोटलेलं तसंच. आत आलोक दाराकडे पाठ करून, गुडघ्यांना हातांची मिठी घालून बसला होता. त्याला हाक मारावी असं मुरलीधरच्या मनात आलं. हाक मारणं म्हणजे आपली चूक झाली असं कबूल करणं. त्याने हाक मारली नाही. तो स्वयंपाकघरात गेला, दिवा लावला, भात टाकला. भात झाल्यावर वळून पाहिलं तर पोरगा त्याच्या मागे उभा होता. शांत. खिळ्यावरचं टोकन नव्हतं. कुठे गेलं विचारलं तर माहीत नाही म्हणाला. ते पुढे कधी सापडलं नाही.

त्या दिवसानंतर आलोकने कधी त्रास दिला नाही. अभ्यास, नोकरी, लग्न, सगळं वेळेवर. कुठल्याही गेजमध्ये सरळ बसेल असा मुलगा. मुरलीधर खूश होता.

हेमलता आठ दिवसांनी आली. तिने पोराला जवळ घेतलं, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिलं. मग त्याला सोडून ती कोठीत गेली आणि तिथे उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती रोज कोठीच्या दाराशी पाण्याचा एक स्टीलचा गिलास भरून ठेवू लागली. क्वार्टर सोडेपर्यंत. काहून ठेवते विचारलं तर उत्तर द्यायची नाही. या नव्या घराच्या वास्तुशांतीला आलोक उंबऱ्याशी थांबला तेव्हा मात्र ती एकदाच बोलली होती.

"तिथून त्याला कोणी बाहेर बोलावलंच नाही. इथे आत कसा येईल तो?"

बायकांचं बोलणं, म्हणून मुरलीधरने ते सोडून दिलं होतं.

५

त्याने तपासणी सुरू केली. तपासणीच त्याला येत होती.

दुर्वाला पडदा थांबवायला लावून त्याने स्टीलच्या पट्टीने दार मोजलं. उंची, रुंदी, खिळ्याची जागा. कागदावर भागाकार केला. क्वार्टरचं दार त्याला पाठ होतं. माप जुळलं. क्वार्टरांची ती लाइन आठ वर्षांपूर्वीच पाडून टाकलेली, तिचा फोटोही घरात नव्हता.

मग त्याने दुर्वाला दुसऱ्यांचा खेळ दाखवायला सांगितलं. तिने फोनवर दोघातिघांचे व्हिडिओ लावले. तिथे ढालवाल्याचं घर म्हणजे डोंगरातला एक तबेला होता. मेलेला घोडा, रडणारा बाप, दोन पर्याय, संगीत.

"अपडेट आला असेल," दुर्वा म्हणाली. पण तीही आता पडद्याकडे जरा जपून बघत होती. "माझा अटकलाय आबा. माझ्यात बाप येतच नाही. हे बघा."

तिने राजकन्येला कोठीत नेलं. खिळ्यापलीकडे, अंधाराच्या तळाशी, दाराकडे पाठ करून कोणीतरी लहानसं बसलं होतं. राजकन्या जवळ जाऊ लागली तशी खाली अक्षरं उमटली. अभी भोंपू नहीं बजा.

"हर बार यही बोलता है," दुर्वा म्हणाली. "भोंपू म्हणजे कोणता?"

मुरलीधर उठून बाहेर गेला. व्हरांड्यात उभा राहून त्याने आलोकला फोन लावला. मुलगा बँकेत होता. मुरलीधरने सरळ विचारलं, कोठीचं तू पोरीला काय सांगितलं?

"कोणती कोठी, बाबा?"

"क्वार्टरमधली. टोकन. तू आठ वर्षांचा होता."

"मला त्याच्या आधीचं काहीच आठवत नाही," आलोक म्हणाला. तो नेहमीसारखाच शांत होता. "तुम्ही भात करून राहिले होते आणि मी मागे उभा होतो. तिथून पुढचं सगळं आठवते. काहून?"

आयुष्यात जो शब्द काढला नव्हता तो मुरलीधरच्या जिभेवर आला. "तुझा माझ्यावर राग असेल तर..."

"राग नाही, बाबा. माफ करायला तरी काही आठवावं लागते न. माझ्याजवळ काहीच नाही."

त्या दिवशी त्याने दुर्वाला विचारलं, ज्याला जखम आठवतच नाही असा सोबती खेळात असतो का. ती विचार करून म्हणाली, नसतो. जखम आठवली तरच गोष्ट पुढे जाते.

"मग आठवते ते कोणाला?"

"जो वहाँ था, उसको," दुर्वा म्हणाली.

६

सतरा तारखेला मुरलीधरने सकाळीच स्वयंपाक केला. वरण, भात, बटाट्याची भाजी. आतल्या खोलीत तीन पाट मांडले, तीन ताटं वाढायला काढली. दुर्वाने पाण्याचे तीन गिलास आणून ताटांशी ठेवले. दोन वाजता ती बापाला घ्यायला स्टेशनवर गेली. जाताना यंत्र बंद करायचं राहिलं. की तिने मुद्दाम चालू ठेवलं, हा संशय त्याला आला. गेले पंधरा दिवस त्याला सगळ्याचाच संशय येत होता.

पडद्यावर कोठीचं दार होतं. दाराशी स्टीलचा गिलास होता. काल नव्हता.

भरदुपार होती. रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. मुरलीधरने दोन महिने पोरीचे हात पाहिले होते. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने निवडायचं. त्याने कंट्रोलर उचलला.

आत गेला. ते पाठ करून बसलेलं होतं. जवळून त्याच्या डोक्यावरचे केस दिसले. मागे दोन भोवरे. आलोकला दोन भोवरे होते, हेमलता तेल लावताना त्यावरून त्याला चिडवायची.

पर्याय उमटले. माफ़ी माँगो. लौट जाओ.

लौट जाओवर त्याचा अंगठा बराच वेळ होता. हा सापळा आहे, असं एक मन म्हणत होतं. कोणीतरी कुठेतरी बसून हे बघत असेल, म्हाताऱ्याचं कबूल करणं रेकॉर्ड करत असेल. दुसरं मन काही म्हणत नव्हतं, ते फक्त त्या दोन भोवऱ्यांकडे पाहत होतं. त्याने माफ़ी माँगो दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. खाली अक्षरं आली.

भोंपू बजा?

त्याखाली पर्याय नव्हते. दाबायला काही नव्हतं.

मुरलीधरने आयुष्यभर मापात खोटं केलं नव्हतं. आज भोंगा वाजणार नव्हता, हे त्याच्याइतकं जबलपुरात कोणाला पक्कं माहीत नव्हतं. त्याने घसा साफ केला.

"वाजला," तो मोठ्याने म्हणाला. "ये बाहेर, बेटा."

ते उठलं. उठायला त्याला वेळ लागला, पाय आखडल्यासारखं. भिंत धरून ते दाराशी आलं, टाचा उंचावून त्याने खिळ्यावरचं टोकन काढलं. टोकन फिरलं. मागच्या बाजूला वाकडातिकडा आ होता. मग ते तोंड त्याच्याकडे वळवू लागलं. कान दिसला, गाल दिसला, आणि पडदा काळा झाला.

लाइट गेले नव्हते. पंखा फिरत होता.

७

फाटकाशी ऑटो थांबला. मुरलीधर कंट्रोलर ठेवून दाराशी आला. दुर्वा उतरली होती. ती ऑटोत वाकून काही बोलत होती, मग ती फाटकापर्यंत आली.

"आबा, पापा उतरत नाहीत."

"काहून?"

"अभी तक तो ठीक थे. स्टेशनपासून बोलत आले. इथे वळणावर एकदम चुप झाले. आता बोलतात, भोंगा वाजला की उतरतो."

ऑटोच्या मागच्या सीटवर आलोक बसला होता. घराकडे पाठ करून. पंचेचाळीस वर्षांचा, बँकेतला, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस, पाय वर घेऊन गुडघ्यांना मिठी घालून बसलेला. उजवी मूठ घट्ट आवळलेली. बोटांच्या फटीतून पिवळी गोल कड दिसत होती.

ऑटोवाला विचारत होता, क्या हुआ भैया, तबीयत तो ठीक है?

"आबा," दुर्वा म्हणाली, "भोंगा कितीला वाजतो?"

चाराला दहा कमी होते. रोज साडेचारला वाजायचा. मुरलीधरने उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला होता. ऑटोपर्यंत वीस पावलं होती. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवायचा आणि तेच दोन शब्द म्हणायचे, ये बाहेर. ते शब्द त्याच्यापाशी आता होते.

"उद्या," तो म्हणाला, कारण ते खरं होतं. आणि तोंड उघडून ते दोन शब्द म्हणणार, तेवढ्यात मागे आतल्या खोलीत पाट सरकला.

मग ताट सरकल्याचा आवाज आला. भाताच्या पातेल्यावरचं झाकण कोणीतरी दोन्ही हातांनी, आवाज होऊ नये म्हणून जपून खाली ठेवलं. कोणीतरी खायला बसलं. घाईघाईने, खूप भुकेलेलं खातं तसं.

मुरलीधरने चौकटीला खांदा टेकवला. त्याचा डावा पाय उंबऱ्याबाहेर होता. तो पुढे गेला नाही आणि मागे वळून त्याने पाहिलं नाही.

"आबा," फाटकातून दुर्वा म्हणाली, "आत कोण आहे?"